तीनबोट्याने कोरलेलं हसू

क्विरीन राइथचा जन्म हिंटरओड गावच्या प्लेडल जमीनदारांच्या गोठ्यात झाला. हे काही बोलायची रीत म्हणून सांगत नाही, खरोखरच गोठ्यात झाला. त्याची आई वाल्बुर्गा तिथे दूध काढायला होती. कळा सुरू झाल्या तेव्हा निम्म्या गाई पिळायच्या राहिल्या होत्या. तिने पोर शेजारच्या गवतात ठेवलं आणि उरलेल्या गाई पिळल्या. बापाचं नाव तिने पाद्र्यालाही सांगितलं नाही. आमच्या डोंगरात बिनबापाची पोरं काही कमी नव्हती. मालकांना ती चालत, कारण आयता बिनपगारी गडी तयार होतो. त्यांनी फक्त मालकाच्या टेबलाशी बसायचं नाही आणि आजारी पडायचं नाही.

प्लेडलांना एकच मुलगा होता, गालुस. क्विरीनपेक्षा थोडा मोठा, गोरापान, गालांवर लाली. हसला की तो जिभेचं टोक दातांत धरायचा आणि मान डाव्या खांद्यावर कलती करायचा. पाहुण्या बायकांना ते फार गोड वाटायचं. गोठ्यातल्या माणसांना मात्र ठाऊक होतं, की गालुस असा हसला म्हणजे कुणाला तरी लागणार. मांजरीची पिलं तो पाण्याच्या हौदात सोडायचा आणि काठाशी आली की काठीने पुन्हा मध्ये ढकलायचा. घाई कधीच करायचा नाही.

एका हिवाळ्यात दोघं पोरं कुट्टीच्या यंत्रावर होती. क्विरीन वैरण सारत होता, गालुस चाक फिरवत होता. मध्येच गालुस थांबला आणि म्हणाला, पात्यात काहीतरी अडकलंय, हात घालून बघ. क्विरीनने हात घातला. गालुसने चाक फिरवलं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कुट्टीत पडलं. क्विरीनने वर पाहिलं तेव्हा गालुसची मान कललेली होती आणि जिभेचं टोक दातांत होतं.

आवाज ऐकून थोरला प्लेडल, गालुसचा बाप, आला. त्याने आधी चारा पाहिला. रक्ताचा वास लागला, आता जनावरं तोंड लावणार नाहीत, असं म्हणाला. मग वाल्बुर्गा धावत आली. पोराचा हात पाहिला, मालकाचं तोंड पाहिलं, आणि तिने पोराच्या थोबाडीत मारली.

"चारा नासवलास मालकांचा," ती म्हणाली. "माफी माग."

क्विरीनने माफी मागितली. थोरल्या प्लेडलची नाही, गालुसची. कारण आईने त्याला त्याच्यापुढे उभं केलं होतं. नंतर तिने जखमेवर राळ आणि कोळ्याचं जाळं दाबून धरलं आणि हळू आवाजात सांगितलं, की मी मारलं नसतं तर त्यांनी आपल्याला आजच्या आज हाकललं असतं, आणि बाहेर एवढा बर्फ आहे. क्विरीनला ते पटलं. पण पटणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

गावाने त्याला नवं नाव दिलं, तीनबोट्या. दूध काढायला तो निकामी झाला, म्हणून प्लेडलने त्याला आपल्या ग्रॅनाईटच्या खाणीत पाठवलं. रस्त्यात बसवायचे चौकोनी दगड घडवायचं काम होतं. मुकादमाने एकदा पाहिलं आणि कातडी पट्टीने छिन्नी त्याच्या डाव्या पंज्याला बांधून टाकली. संध्याकाळी पट्टी सोडली की कातडंही सोबत यायचं. पण अंगठा आणि दोन बोटं छिन्नीला पुरतात, हे त्या पोराला तिथेच कळलं. दगड कुठे फुटायला राजी असतो आणि कुठे नसतो, तेही कळलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे काळा पाव आणि कांदा चावत बसायचे तेव्हा हा टाकाऊ तुकड्यांवर गाईंची तोंडं कोरायचा. थडगी घडवणारा एक पासाऊचा पाथरवट दगड घ्यायला आला होता. त्याने ती तोंडं पाहिली आणि पोराला बैलगाडीत घालून घेऊन गेला.

पासाऊचा तो उस्ताद वाईट नव्हता, असं क्विरीन पुढे म्हणायचा. एखाद्या देवदूताचं नाक उडालं तर तो चुकणाऱ्याच्या पाठीवर दगडाची लादी ठेवून त्याला अंगणात उभं करायचा, एवढंच. उभं राहता राहता क्विरीनने नाक न उडवता देवदूत करायला शिकून घेतलं. पुढे तो म्युनिकला गेला आणि एका मोठ्या प्राध्यापकांच्या कार्यशाळेत लागला. हे प्राध्यापक हातभर उंचीचा मातीचा नमुना करायचे. त्याची माणूसभर उंचीची संगमरवरी मूर्ती क्विरीन घडवायचा. खाली नाव प्राध्यापकांचं पडायचं. उद्घाटनाला आत शॅम्पेन, आणि क्विरीन मागच्या अंगणात बग्गीवाल्यांबरोबर बिअर पीत बसलेला. अशी कितीतरी वर्षं गेली. शहरातल्या बागांमध्ये त्याच्या हातच्या परी आणि सेनापती उभे होते, आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं.

शेवटी त्याने सोडून जायची धमकी दिली. तेव्हा प्राध्यापकांनी त्याला स्वतःच्या नावावर एक काम प्रदर्शनात मांडायची परवानगी दिली. क्विरीनने म्हातारीचं शिर कोरलं. डोक्याला रुमाल, गाईच्या कुशीत टेकून टेकून चपटं झालेलं कपाळ, खाली पडलेला ओठ. ती वाल्बुर्गा होती. त्या एका शिराने त्याचं नाव झालं. पदक मिळालं. वर्तमानपत्रांत छापून आलं, की दगडाला घाम फुटलेला पाहायचा असेल तर जाऊन बघा.

हिंटरओडच्या शाळामास्तरांनी ते वाल्बुर्गाला वाचून दाखवलं. तिने मालकांकडून रजा मागून घेतली, काळा सणाचा रुमाल बांधला, धुरातल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा फडक्यात बांधून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसली. न सांगताच आली. क्विरीन तेव्हा त्या शिराजवळ एक सरदारबाई आणि दोन गृहस्थांशी बोलत उभा होता. अंगात नवा कोट होता. प्रदर्शनाच्या दालनात गोठ्याचा वास आधी आला आणि मग ती आली.

सरदारबाईंनी म्हातारीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "अगंबाई, ही तर तीच," त्या म्हणाल्या. "कोण आहे हो ही?"

क्विरीनने सगळं आयुष्य स्वतःला एकच गोष्ट सांगितली होती, की आईने त्याला चारचौघांत मारलं. आता पाळी त्याची होती.

"मॉडेल आहे," तो म्हणाला. "बाजारात भेटली होती. लोणी विकते."

वाल्बुर्गाने मुलाकडे पाहिलं. मग बाईंना गुडघ्यात वाकून नमस्कार केला.

"हो बाईसाहेब," ती म्हणाली. "लोणी विकते."

बाईंनी लोण्याचा भाव विचारला. तिने तोही सांगितला. फडक्यातलं मांस तिने दारावरच्या शिपायाकडे दिलं, त्या कोटवाल्या साहेबांना द्या म्हणून, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. क्विरीनने ते मांस खाल्लं. चांगलं होतं. पुढच्या महिन्यात जाऊन आईला भेटू, असं त्याने ठरवलं. मग त्याच्या पुढच्या महिन्यात. मग महायुद्ध सुरू झालं. नुसत्या सलगमांवर काढलेल्या, युद्धातल्या एका हिवाळ्यात वाल्बुर्गा गोठ्यातच गेली आणि तिला पुरल्यानंतर आठवड्याने त्याला कळलं.

युद्ध संपलं तेव्हा परी आणि सेनापती कुणालाच नको होते. गावोगाव एकच काम निघालं होतं, पडलेल्या पोरांची स्मारकं. हिंटरओडलाही स्मारक हवं होतं. थोरला प्लेडल आता सरपंच होता. त्याने क्विरीनला बोलावणं धाडलं. आपल्याच गावचा माणूस आहे, नावाजलेला आहे, आणि आज उपाशी असल्यामुळे नाही म्हणणार नाही, हा त्यातला हिशेब सगळ्यांना कळत होता.

क्विरीन केस पिकलेला, गाल बसलेला असा परत आला. प्लेडलने त्याला यावेळी टेबलाशी बसवलं. बटाट्याचे गोळे, डुकराचं भाजलेलं मांस, आंबवलेला कोबी. शेजारी अफ्रा मालकीण बसली होती. गालुसची आई. गालुस फ्रान्समध्ये पडला ती बातमी आल्यापासून ती रडली नव्हती, फारशी बोललीही नव्हती. गाव म्हणायचं, मालकीण आतून वाळून गेली.

प्लेडलचं म्हणणं सरळ होतं. दगड माझ्या खाणीतला, ओढायला बैल माझे, तेव्हा स्मारकातल्या शिपायाला चेहरा माझ्या पोराचा. गावची आणखीही पोरं गेली होती. त्यांची नावं खाली येतील. कुणाची हरकत नव्हती, म्हणजे कुणाची असली तरी कुणी बोललं नाही. प्लेडलने गालुसचा गणवेशातला फोटो पुढे सरकवला. फोटोत ओठ मिटलेले, डोळे गोल, फोटोवाल्याने सांगितलं तसा ताठ बसलेला. कोणत्याही शिपायाचा असावा असा फोटो.

"लागेल ना हा?" प्लेडलने विचारलं.

"नाही लागणार," क्विरीन म्हणाला. "मला आठवतो तो."

जुन्या कोठारात त्याने काम मांडलं आणि दाराला आतून कडी घातली. ग्रॅनाईटमध्ये माणसाचं तोंड काढणं म्हणजे पोलादाशी भांडण. वसंतात सुरू केलेलं काम शरद संपत आला तेव्हा संपलं. त्या दिवसांत तो सुखी होता, हे मान्य करायला हवं. इतका सुखी तो म्युनिकमध्येही कधी नव्हता. मान डाव्या खांद्यावर कलती केली. दातांमध्ये जिभेचं टोक अगदी जरासं सोडलं. डोळ्यांत तो भाव आणला, समोरच्याला लागायच्या आधीचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परी घडवून जे काही हातात आलं होतं ते सगळं त्याने या एका हसण्यात ओतलं. त्याच्या मनात एक चित्र पक्कं होतं. चादर ओढली जाईल, सगळं गाव पाहील, आणि प्लेडलांना दर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना आपण काय जन्माला घातलं ते बघावं लागेल.

अनावरणाच्या दिवशी पितळी बँड होता, युद्धावरून आलेले लंगडे-लुळे पदकं लावून उभे होते. पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलं. चादर ओढली गेली आणि बँड मध्येच थांबला.

गावाने ओळखलं. गडी, मोलकरणी, खाणीतली माणसं, ज्यांनी ज्यांनी ते हसू जवळून पाहिलं होतं त्यांनी ते एका क्षणात ओळखलं. मान खाली घालून ते उभे राहिले. थोरल्या प्लेडलचा चेहरा पांढरा पडला. क्विरीन हात मागे बांधून वाट पाहत होता.

तेवढ्यात अफ्रा पुढे आली. चौथऱ्यावर चढली, तळहात दगडाच्या गालावर ठेवला.

"हसतोय," ती म्हणाली. "अहो, हसतोय तो. असाच घरात यायचा."

आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तिथे सांडलं. आजूबाजूच्या आयाही रडू लागल्या, पाद्रीही डोळे पुसू लागला, आणि बँडवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली. अफ्रा चौथऱ्यावरून उतरली ती सरळ क्विरीनकडे आली. त्याचा डावा हात मागून ओढून घेतला, आणि जिथे दोन बोटं नव्हती तिथे ओठ टेकले. क्विरीनला हात सोडवून घेता आला नाही. सगळं गाव बघत होतं. रात्रीच्या जेवणाला त्याला सरपंचाच्या उजव्या बाजूला बसवलं आणि लोकांनी त्याच्या नावाने पेले उंचावले. प्लेडलचा रंगही तोवर परत आला होता. पोरगा खोडकर होता हो, असं तो सगळ्यांना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी क्विरीन कोठारात हत्यारं बांधत होता. तेव्हा मेना आली. मेना आधीपासून प्लेडलांकडेच मोलकरीण, वाल्बुर्गा गेल्यावर तिच्या जागी दूध काढायला लागलेली. युद्धाच्या आधीच्या उन्हाळ्यात गालुसने तिला गवताच्या माळ्यावर गाठलं होतं. झालेलं मूल तिला न दाखवताच कुठे देऊन टाकलं ते फक्त मालकिणीला ठाऊक होतं. गावालाही हे माहीत होतं, पण गाव अशा गोष्टी माहीत असूनही नसल्यासारखी ठेवतं.

ती दारातच उभी राहिली, हातात रिकामी घागर.

"तुला ठाऊक होतं तो कसा होता ते," ती म्हणाली.

"होतं," क्विरीन म्हणाला. "म्हणून तर तसा कोरला. लोकांना दिसावा म्हणून."

"लोकांनी कधी पाहिला नव्हता का? आम्ही पाहूनच बसलो होतो की." तिने घागर खाली ठेवली. "तिकडे मेला हे कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवले. सुटले म्हटलं. आता मालकीणबाईंनी सांगितलंय, दर शनिवारी त्याच्या पायाशी ताजी फुलं ठेवायची. मीच ठेवायची. तुझी बोटं गेली, तुझा हिशेब. तू तो दगडात फेडलास आणि आता गाडी पकडशील. मला रोज दूध घेऊन त्याच्यासमोरून जायचंय."

मेनाने घागर उचलली आणि जाता जाता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाली, "मेलेला बरा होता रे तो. कशाला उठवलास?"

त्याने गाडी पकडली नाही. तो प्लेडलकडे गेला आणि म्हणाला, दगडात एक भेग राहिली आहे, चेहरा पुन्हा थोडा घडवावा लागेल. प्लेडल म्हणाला, भेग राहू दे, बायको दोन वेळा जेवायला लागली आहे. क्विरीनने पाद्र्याला सांगून पाहिलं. पाद्र्याने सांगितलं, की बाळा, आईच्या सांत्वनाआड येणं हे पाप आहे. मग क्विरीनने खरं काय ते सांगितलं, कुट्टीपासून गवताच्या माळ्यापर्यंत. पाद्र्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, मृतांबद्दल चांगलंच बोलावं.

रविवारी सगळं गाव प्रार्थनेला आत असताना क्विरीन शिडी आणि मोठा हातोडा घेऊन स्मारकाशी आला. बाहेर फक्त कुत्री होती. पहिल्या घावाला नाक गेलं. तोंड फोडायला वेळ लागला, कारण त्याने ते कठीण दगडात, फार मन लावून कोरलं होतं. आत ऑर्गन थांबला आणि घाव ऐकू गेले. माणसं बाहेर आली तेव्हा शिपायाच्या खांद्यांवर एक खडबडीत गोळा उरला होता आणि क्विरीन शिडीवर धापा टाकत उभा होता.

त्याला खाली ओढलं. पदकं लावलेल्यांनी आधी मारलं, मग इतरांनी. त्यांच्यात गोठ्यातले गडीही होते, लहानपणी गालुसच्या काठीचे वळ अंगावर वागवलेले. ते सर्वांत जोरात मारत होते. गावच्या खाटकाने त्याचा उजवा हात पायरीवर धरला आणि टाचेने सगळा चुरा केला. अफ्रा तेवढ्या वेळात गुडघ्यांवर बसून दगडाच्या कपच्या परकराच्या ओच्यात गोळा करत होती. मेना चर्चच्या दारात उभी होती. तिने कुणाला थांबवलं नाही. थांबवलं असतं तरी तिचं कोण ऐकणार होतं?

तालुक्याच्या गावी, चर्चच्या जोगिणींच्या इस्पितळात त्याला ठेवलं. तिथे अफ्रा आली, एकटीच. खाटेच्या कडेला बसली नाही, उभी राहिली.

"त्याने तुझं काय वाईट केलं होतं?" तिने विचारलं.

क्विरीनने डावा हात पांघरुणाबाहेर काढला.

"ते होय," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे. मी गोठ्याच्या दारात होते तेव्हा."

क्विरीनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तो हसत होता, तेही पाहिलंत?"

"पाहिलं की. म्हणून तर ओळखलं. फोटोतलं ते पोर कोण होतं कुणास ठाऊक, मला तर परकंच वाटायचं. माझा गालुस तू मला दिलास." ती दाराकडे वळली. "तुझ्या आईला त्या दिवशी मी लोटाभर दूध जास्त दिलं होतं. तिने सांगितलं नसेल तुला."

नव्हतं सांगितलं. त्या संध्याकाळी आईने त्याला गरम दूध पाजलं होतं आणि त्याला वाटलं होतं, की आईने आपल्यासाठी चोरी केली. अफ्रा निघून गेल्यावर क्विरीनला सर्वांत जास्त काय लागलं असेल तर ते हे. मार नाही, हात नाही; ते दूध. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि जोगिणींनी आणलेला रस्सा तसाच गार होऊन गेला.

कोर्टात अफ्राने साक्ष दिली, आणि एक शब्दही खोटा सांगितला नाही. क्विरीनला तुरुंग झाला. म्युनिकच्या प्राध्यापकांना कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की हा माणूस माझ्याकडे दगड फोडायला होता खरा. हिंटरओडच्या शिपायाला दुसऱ्या एका कारागिराने नवं डोकं बसवलं, कारखान्यातून तयार येतं तसलं, शिरस्त्राणाखाली मिटलेल्या ओठांचं. अफ्राने ते एकदा पाहिलं आणि पुन्हा त्या बाजूने गेली नाही. ती चर्चला मागच्या दाराने जाऊ लागली. पुन्हा जेवेनाशी झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात गेली.

मेनाला प्लेडलने काढून टाकलं. तिनेच तीनबोट्याचे कान भरले, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ती काचेच्या कारखान्यात पेले पुसायला लागली.

तुरुंगातून सुटल्यावर क्विरीनला कुणी दगडाच्या कामावर घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी हातोडा धरायला हात नव्हता. तो तालुक्याच्या गावच्या निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात राहू लागला. स्वयंपाकघरात बसून तो बटाटे सोलायचा, बटाटा गुडघ्यांत धरून. एकदा शरदाच्या बाजारात त्याला मेना भेटली. तिने त्याला ओळखलं, त्याने तिला नाही. तिने भाजलेला सॉसेज घेतला, पाव मोडून अर्धा त्याला दिला, आणि दोघं कारंज्याच्या काठावर बसून खात राहिली. कारखान्यात तिचे डोळे खराब होत चालले होते, त्याबद्दल ती बोलली. आश्रमातली शेगडी धुरकटते, त्याबद्दल तो बोलला. सॉसेजला मोहरी जरा जास्त झाली होती, यावर दोघांचं एकमत झालं.

"तू तो फोडलास त्या दिवशी मी बघत होते," ती मध्येच म्हणाली.

"मग? बरं वाटलं?"

मेनाने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"वाटलं," ती म्हणाली. "मग त्यांनी तुला मारायला घेतलं. तेही बघवलं. मालकिणीने मला कामाला बोलावलं तेव्हाच तिथून गेले."

तिने बोटांवरची मोहरी परकराला पुसली, कारखान्याच्या गाडीची वेळ झाली म्हणाली आणि उठली. क्विरीन उरलेला पाव चावत तिथेच बसला. गर्दी होती, म्हाताऱ्याला वाट द्यायला कुणी थांबत नव्हतं, आणि बाजार उठेपर्यंत त्याला तिथून हलता आलं नाही.